आप्पांच्या नावचे निरोप

माझा आवाज मोठा आहे. मी चौथीच्या वर्गात ओरडले की शाळेमागच्या रानातली माणसं खुरपं थांबवून वर बघतात, असं आमच्या शाळेत गमतीनं म्हणायचे. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत शिक्षकांना ड्युट्या लागल्या, तेव्हा या आवाजापायीच मला परभणीतल्या एका कोविड सेंटरच्या फाटकावर बसवलं, असा माझा अजून संशय आहे. आदेशात छान नाव होतं, मदत कक्ष. तिथं जाऊन बघते तर एक मंडप, एक टेबल, दोन खुर्च्या आणि पाण्याचा जार. मदत म्हणजे मी. उन्हाळा परभणीचा. दुपारी टेबलावर हात टेकवत नव्हता.

नातेवाइकांना आत सोडत नव्हते. ते डबा, कपडे, चार्जर, कवळी, चष्मा असं काय काय घेऊन फाटकाशी यायचे. मी पिशवीवर चिकटपट्टी लावून बेडचा नंबर टाकायची आणि आत पाठवायची. दुसरं काम निरोपाचं. सकाळी अकराला आणि संध्याकाळी पाचला वॉर्डातली सिस्टर फोन करायची. कोण काय म्हणतंय ते ती सांगायची, मी वहीत लिहून घ्यायची आणि बाहेरच्या माणसांना सांगायची. बाहेरच्यांचं तिला सांगायची. मोबाइल बऱ्याच जणांकडं होते, पण तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, वर धाप लागलेली, बोलणार कसं? म्हाताऱ्यांना तर फोन उचलायचा कुठं दाबून हेच ठाऊक नसायचं.

कामावर जायच्या आधी आम्हाला तासभर ऑनलाइन शिकवलं. विषय होता मानसिक आधार. एक बाई हळू आवाजात बोलत होत्या. सकारात्मक बोला, धीर द्या, ऐकून घ्या. निम्मा वेळ त्यांचा आवाज तुटत होता आणि निम्मा वेळ मी भाजी निवडत होते. शेवटी एक तक्ता आला. रोज प्रत्येक पेशंटच्या नावापुढं एक रकाना भरायचा, 'धीर दिला: होय / नाही'. मी पहिल्या दिवसापासून सगळीकडं 'होय'वर खूण करत गेले. 'नाही' कोण लिहील?

तिथल्या तरुण डॉक्टरनं मात्र एका वाक्यात सगळं सांगितलं. पहिल्याच दिवशी तो फाटकापर्यंत आला, घामानं निथळत होता. म्हणाला, "मॅडम, औषधाचं आमी बघतो. तुमी तेवढे निरोप चुकवू नका. आतली माणसं निम्मी त्याच्यावरच जगायलीत."

मला ते भाषण वाटलं. चौथ्या दिवशी पटलं. ताडकळसचा एक शेतकरी आत होता, दोन दिवस अन्नाला शिवत नव्हता. सिस्टर वैतागली होती. संध्याकाळी त्याची बायको टेंपोत बसून आली आणि फाटकातून मला ओरडून म्हणाली, "त्येनला सांगा म्हैस व्याली, वगार झाली." मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सिस्टर हसत हसत म्हणाली, रात्री दोन पोळ्या खाल्ल्या आणि सगळ्या वॉर्डाला वगारीची गोष्ट सांगितली. त्या दिवशी मी त्याच्या नावापुढं 'होय' लिहिलं ते तेवढं खरं होतं.

आता आप्पा आणि आक्कांचं सांगते. मला खरं सांगायचंय ते त्यांचंच.

ते पेडगावात आमचे शेजारी. दोन घरांमध्ये कमरेएवढी भिंत. पुढच्या खोलीत त्यांचं किराणा दुकान, मागं दोघांचा संसार. मुलगा-सून पुण्याला. घर लिंगायताचं. आप्पा रोज पहाटे आंघोळ करून कपाळाला विभूतीचे पट्टे ओढायचे, गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायचे आणि मग दुकान उघडायचे. बोलणं जवळजवळ नाहीच. गिऱ्हाइकानं साखर मागितली की साखर द्यायचे, पुढं एक शब्द नाही. दिवसभरात दहा वाक्यं बोलले तर लय झालं. आक्का त्यांच्या उलट. ती दोघांचं मिळून बोलायची. मला म्हणायची, "लेकी, बेचाळीस वर्षं झाली, या माणसानं एकदा म्हणलं न्हाई की भाजी चांगली झाली. एकदा! वाईट झाली असं बी म्हणलं न्हाई. खातेत आन् उठतेत. भिंतीला वाढल्यासारखं."

"मग भिंतीसारखं टिकले पण ना," मी म्हणायची. ती पदर तोंडाला लावून हसायची.

दोघंही एकाच आठवड्यात पॉझिटिव्ह आले. आक्काला ताप आणि खोकला, तिला घरीच राहायला सांगितलं. आप्पांना धाप लागली म्हणून आमच्या सेंटरला आणलं, बेड अठरा. मग रोजचं ठरूनच गेलं. सकाळी आक्का भिंतीवर डबा ठेवायची आणि चार पावलं मागं सरायची. मी डबा पुसून स्कूटीला अडकवायची. संध्याकाळी रिकामा डबा भिंतीवर ठेवायची आणि ती दारातूनच विचारायची, "काय म्हणले?"

आप्पांचे निरोप आप्पांसारखेच. पहिल्या दिवशी, "पोचलो." दुसऱ्या दिवशी, "दुकानाच्या मागच्या खिडकीला कडी लाव." तिसऱ्या दिवशी, "तिनं गोळ्या घेतल्या का इचारा." चौथ्या दिवशी काहीच नाही. पाचव्या दिवशी, "बरं हाय."

आक्का त्या दोन-चार शब्दांवर दिवस काढायची. "बघ बाई, जीव तिकडं टांगलाय आन् यांना खिडकीची फिकीर," असं म्हणायची आणि लगेच जाऊन कडी बघून यायची.

सहाव्या दिवसाचं सांगायला मला अजून जड जातं. त्या दिवशी सकाळपासून दोन माणसं गेली होती. एकाचा डबा दुसऱ्याला गेला म्हणून एका बाईनं मला फाटकातून शिव्या घातल्या, मीही तिला सोडलं नाही. पाचचे निरोप आटोपून मी वही मिटली, पर्स खांद्याला अडकवली. तेवढ्यात फोन वाजला. सिस्टर म्हणाली, "मॅडम, बेड अठरा, तुमच्या शेजारचे आजोबा. घरी काहीतरी सांगायचंय म्हणतात. थांबता का लाइनवर? मास्क बाजूला करून बोलतील."

माझं डोकं फिरलेलं होतं. मी म्हणाले, "अगं बाई, वेळ संपली माझी. उद्या सकाळी सांगा म्हणावं. खिडकीचंच असेल काहीतरी." वर हसले सुद्धा.

सकाळी मी टेबल पुसत होते, तर सिस्टर स्वतः फाटकापर्यंत आली. ती कधी बाहेर येत नसे.  आप्पा पहाटे गेले होते. तिच्या हातात प्लास्टिकची एक पिशवी होती. त्यात मोबाइल, चष्मा आणि ती चांदीची डबी, काळ्या दोऱ्यासकट. घरचं कुणी नाही म्हणून शेजारीण या नात्यानं मी सही करून पिशवी घेतली. आणि माझ्या स्कूटीला आक्काचा भरलेला डबा तसाच लटकत होता.

मुलाला फोन मीच केला. तो आणि सून पुण्यात दोघंही आजारी, घराबाहेर पडायची बंदी. आधी तो रडला. मग आवाज सावरून म्हणाला, "मॅडम, आईला सांगू नका. मी येईपर्यंत नका सांगू. तिचा ऑक्सिजन काल ब्याण्णव होता. ती एकटी आहे तिथं. ऐकलं की ती राहायची नाही." मग त्यानं विचारलं, वडलांचं कसं करणार. त्यांच्यात माणसाला जाळत नाहीत. बसवून, हातात लिंग देऊन माती देतात. पण त्या दिवसांत गेलेल्या सगळ्यांना एकाच गाडीतून नेत होते आणि एकाच ठिकाणी अग्नी देत होते. वेगळं मागायला तिथं घरचं कुणी उभं नव्हतं. मी पिशवी पर्समध्ये घालून मंडपात बसले होते, गाडी समोरून गेली, आणि डबी त्यांच्या हातात द्या असं म्हणायचं मला सुचलंही नाही. मुलगा फोनवर म्हणाला, "जे करायचं ते करू द्या. पण हे तर तिला अजिबात सांगू नका."

मी म्हणाले, ठीक आहे.

मला दोष द्यायच्या आधी हे लक्षात घ्या, आमच्याकडं कुणीही हेच केलं असतं. माणूस गेला असं आमच्या भागात कुणी तोंडावर सांगत नाही. लेकीला सासरी फोन जातो तो 'वडील सिरियस आहेत, निघ' असा, आणि घराच्या कोपऱ्यावर माणसं उभी दिसली की ती समजते. आजारी माणसाला तर सांगतच नाहीत. तो बरा होऊ दे, दोन घास खाऊ दे, मग बघू. यालाच आम्ही धीर देणं म्हणतो. त्या ऑनलाइन बाईंनी सकारात्मक बोला म्हटलं, तेव्हा मला हेच समजलं होतं.

राहिला डबा. फाटकासमोरच्या कडुलिंबाखाली सोनपेठचा एक माणूस आठवडाभर बसून होता. बायको आत, एसटी बंद, गावाकडून काही यायची सोय नाही. बिस्किटाच्या पुड्यावर दिवस काढत होता. दुपारी मी डबा त्याच्यापुढं ठेवला. एका पेशंटचा उरलाय, एवढंच म्हणाले. तो मान खाली घालून जेवला. डबा धुऊन परत देताना म्हणाला, "आज्जीच्या हाताला चव हाय मॅडम. मिरची तेवढी जरा जादा."

संध्याकाळी मी भिंतीवर रिकामा डबा ठेवला.

"काय म्हणले?"

"बरं हाय म्हणाले."

ते वाक्य निदान आप्पांचं होतं. दोन दिवसांपूर्वीचं.

दुसऱ्या दिवशीही तेच कसं सांगणार? मी म्हणाले, "मिरची जरा कमी कर म्हणाले."

आक्का दारात उभी होती ती भिंतीपर्यंतच आली. "मिरची? यांनी मिरचीचं नाव काढलं? अगं माय! दवाखान्यात जाऊन जीभ फुटली की काय!" आणि हसली. खोकता खोकता हसली. दुसऱ्या दिवसापासून तिनं तिखट कमी केलं.

तिथून माझी गाडी सुटली. सोनपेठचा माणूस दुपारी जे बोलायचा ते मी संध्याकाळी आप्पांच्या नावावर सांगायची. तो म्हणाला पेंडपाल्याची भाजी लय दिवसांनी खाल्ली, मी तसंच सांगितलं. तो म्हणाला, "अशी भाकर माझ्या मायच्या हातची खाल्ली व्हती." मी सांगितलं, "भाकरी फार चांगली झाली म्हणाले."

  आक्कानं हळूच विचारलं, "यांनीच म्हणलं का? का तू तुझं जोडायलीस?"

"मी कशाला जोडू? सिस्टरनं सांगितलं तसं सांगते."

तिनं पदरानं डोळे पुसले. "बेचाळीस वर्षं लागली बघ," म्हणाली.

तिचा ऑक्सिजन शहाण्णववर गेला. ती जेवायला लागली, अंगण झाडायला लागली. आप्पांचं बसायचं घोंगडं उन्हात टाकलं, त्यांचं धोतर धुऊन घडी घालून ठेवलं. मुलगा फोनवर म्हणायचा, "मॅडम, तुमचे उपकार कसे फेडू?" सगळ्या गल्लीला ठाऊक होतं आणि सगळी गल्ली सामील होती. आशा कार्यकर्ती तिचं बोट यंत्रात धरून विचारायची, "आप्पा कसे हायत?" पिठाच्या गिरणीवाला रस्त्यावरून ओरडायचा, "आक्का, आप्पा आले की दुकान उघडा बरं का!" आणि पुढं जाऊन डोळे पुसायचा. खरं सांगते, मला त्याचा अभिमान वाटायला लागला होता. वाटायचं, ड्युटीवर शंभर माणसांच्या नावापुढं खोटं 'होय' लिहिलं असेल, पण हिला तरी मी जगवली. आप्पांची पिशवी माझ्या घरी लोखंडी कपाटात साड्यांच्या खाली होती. कपाट उघडलं की मी त्या बाजूला बघत नसे.

आप्पा गेल्यापासून अकराव्या दिवशी सोनपेठच्या माणसाच्या बायकोला घरी सोडलं. ती टेंपोत बसली, खंगलेली, पण हसत होती. तो माणूस माझ्या पाया पडायला वाकला. म्हणाला, "त्या आज्जीला सांगा, तिच्या भाकरीवर मी उभा राहिलो." त्याला काय माहीत. ते गेले आणि डबा माझ्या हातात राहिला. त्या दिवशी मी तो वाटेत ओढ्याजवळ कुत्र्यांपुढं रिकामा केला.  संध्याकाळी सांगितलं, "सगळं संपवलं म्हणाले."

बाराव्या दिवशी सोमवार होता. सकाळी मी गाडी काढली तर भिंतीवर डब्याशेजारी एक पुडी. आक्का आंघोळ करून उभी होती, कपाळाला विभूती.

"बेल हाय आन् विभूती हाय. आज सोमवार. तिकडं त्येनला कोण देतंय? पूजा करायलेत का गं रोज?"

"करतात," मी म्हणाले.

"गळ्यातलं काढून तर घेतलं न्हाई ना त्या लोकांनी? तेवढं इचारायचं राहूनच चाललंय. आमच्यात ते जीव हाय तवर गळ्यातून निघत न्हाई. सुटलं तर माणूस अन्न खात न्हाई."

"गळ्यातच आहे, आक्का."

तिनं हात जोडले. मला नाही, वर. "मग काय बी भेव न्हाई," म्हणाली आणि आत गेली. आत घंटी वाजली.

मी स्कूटी चालू केली. गल्लीच्या टोकापर्यंत गेले. पुढं जाववेना. भाकरीचं, मिरचीचं, ते मी बोलून गेले होते, ते माझ्या अंगावर आलं नव्हतं. पण ही बाई माणूस जिवंत समजून बेल तोडून आणत होती आणि तिचं कुंकू जाऊन बारा दिवस झाले होते. आप्पांसाठी त्या घरात कुणी एकदाही रडलं नव्हतं. बारा दिवस त्यांचा देव माझ्या साड्यांखाली पडला होता, पाणी नाही, फूल नाही. मी कोण होते हे सगळं अडवून धरणारी? मुलाला फोनही केला नाही. गाडी वळवली, कपाट उघडलं आणि डबी नेऊन भिंतीवर ठेवली.

"आक्का," मी हाक मारली. माझा एवढा मोठा आवाज, बाहेर फुटेना.

ती आली. डबीकडं बघितलं. उचलली नाही. ओरडली नाही. माझी खात्री होती की ती तिथंच कोसळणार, मी भिंतीवरून उडी टाकायच्या तयारीत होते. ती उभी राहिली.

"कधी?"

"बारा दिवस झाले."

ती बोटांवर काहीतरी मोजत होती. मग म्हणाली, "म्हंजी मिरचीचं त्येनी न्हाई म्हणलं?"

"नाही."

"पेंडपाल्याचं?"

"नाही."

मला वाटलं पुढचं विचारू नये. तिनं विचारलं. "भाकरीचं?"

"नाही, आक्का."

तिचं तोंड एवढंसं झालं. मी शाळेत खूप पोरं रडताना बघितली आहेत, पण असं तोंड मी बघितलं नव्हतं. माणूस गेल्याचं तिनं उभ्यानं ऐकलं होतं, आणि भाकरीचं ऐकून ती खाली बसली.

खाली बसूनच म्हणाली, "मग डबा कोण खात व्हतं?"

मी सोनपेठच्या माणसाचं सांगितलं.

"त्याची बायको वाचली का?"

"वाचली. काल घरी गेली."

"बरं झालं," म्हणाली. खरंच मनापासून म्हणाली. मग विचारलं, "मातीला कोण व्हतं?"

तेही सांगितलं. माती नाही, अग्नी. त्यावर मात्र तिनं कपाळ बडवलं आणि जो टाहो फोडला तो सगळ्या गल्लीनं ऐकला. दारं उघडली. बारा दिवस जी माणसं रस्त्यावरून आप्पांची खुशाली विचारत होती ती दारात येऊन उभी राहिली, कुणाला जवळ जायची परवानगी नाही, कुणाची मान वर होत नव्हती. मी भिंतीच्या अलीकडं, ती पलीकडं. मला तिच्या पाठीवर हात ठेवायचा होता. ठेवला नाही. तेव्हा नियम आठवला, आणि नियम नसता तरी कोणत्या तोंडानं ठेवणार होते?

मुलगा आठ-दहा दिवसांनी आला. जंगम बोलावला, लिंग विधीनं नदीत सोडलं, जे करता येण्यासारखं होतं ते केलं. आक्कानं त्याला जवळ घेतलं. त्याच्यावर ती एकदाही रागावली नाही. पोरगं घाबरलं व्हतं, एवढंच म्हणाली. ती मरेल म्हणून आम्ही सगळ्यांनी घाट घातला होता. ती मेली नाही. ती चांगली धडधाकट आहे, दुकान तीच बघते.

मुलगा गेल्यावर एका दुपारी तिनं मला भिंतीशी बोलावलं. डोळे कोरडे होते.

"लेकी, मी तुला शिव्या देणार न्हाई. तू माझ्या भल्याचंच बघितलंस. आता एक खरं सांग. खोटे कोणचे ते मला कळले. खरे बी मोजले. पोचलो, खिडकी, गोळ्या, बरं हाय. त्याच्यानंतर एक सांज राहते. त्या सांजच्याला काय म्हणले?"

मी बारा दिवसांत चांगली तयार झाले होते. आक्काला सांभाळा म्हणाले, तिची आठवण येते म्हणाले, काय हवं ते. वाक्य अगदी जिभेवर होतं. तिचं तोंड बघून ते तिला देऊन टाकावंसं वाटलं. तेवढ्यावर तिनं उरलेलं आयुष्य काढलं असतं. आणि कुणाला कळणार होतं?

मी खरं सांगितलं. त्यांना घरी काहीतरी सांगायचं होतं, सिस्टरनं फोन केला होता, माझी वेळ संपली होती, मी म्हणाले, उद्या.

"उद्या," आक्का म्हणाली.

"हो."

"मग? तुझं ऐकून ते काय म्हणले?"

हे मी सिस्टरला नंतर विचारून घेतलं होतं. "बरं म्हणाले. आणि मास्क लावून घेतला."

आक्का भिंतीवरचा पोपडा नखानं काढत राहिली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "आपणहून कधी बोलत न्हवते गं ते. बेचाळीस वर्षांत आपणहून बोलायला लागले, ते एकदाच."

ती आत गेली. दार लावलं नाही, नुसती आत गेली.

भांडण झालं असतं तर मी निभावलं असतं. भांडायला मी कुणाला ऐकत नाही. पण ती भांडली नाही. सणाला ताट येतं, माझ्या लेकीच्या बाळंतपणात तिनं डिंकाचे लाडू करून पाठवले. बोलते, विचारपूस करते. फक्त माझ्या तोंडचं काही ती धरत नाही. मी म्हणाले बस गेली, तर ती रस्त्यावर जाऊन बघते. पाऊस येईल म्हटलं तर वाळवण काढत नाही. गेल्या आठवड्यात नळाचा दिवस होता. मी भिंतीवरून ओरडले, "आक्का, नळ आला!" सगळ्या गल्लीनं ऐकलं, बायका घागरी घेऊन धावल्या. ती सावकाश उठून बाहेर आली, तोटी सोडली, पाण्याखाली हात धरला. पाणी हाताला लागल्यावर मग तिनं घागर लावली.